तीन होल्स्टरं आणि एक तज्ज्ञ

मेहुण्याच्या नव्या बॅगेचा मी वास घेतला, तिथून सगळं सुरू झालं.

रविवार होता. मेहुणा, म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, जेवायला आला होता आणि "भाऊजी, अस्सल चामडं आहे," हे त्याने तिसऱ्यांदा ऐकवलं होतं. मी हातातला घास खाली ठेवला, बॅग नाकाशी नेली, डोळे मिटले आणि म्हणालो, "रेक्झिन."

का म्हणालो ते आजही सांगता येणार नाही. मेहुण्याचं काही अस्सल असू शकतं यावर माझा लग्नापासून विश्वास नाही, एवढंच. पण माझ्या मुलीने बॅगेचा आतला कप्पा उलटा केला, आणि तिथे बारीक अक्षरांत खरोखरच तसं छापलेलं निघालं. जेवणाच्या टेबलावर शांतता पसरली. या टेबलावर माझ्या बोलण्याने शांतता पसरण्याची ही पहिलीच वेळ.

"भाऊजी, तुम्ही पादत्राणांच्या कारखान्यात आहात हे मी विसरलोच होतो!" मेहुणा म्हणाला.

कारखान्यात आहे हे खरं आहे. पण तिथे मी खोक्यांच्या विभागात आहे. बूट, चपला, सँडल माझ्यापर्यंत येतात त्या खोक्यात बंद होऊनच. खोक्याच्या पुठ्ठ्याची जाडी, झाकणाचं माप, चिठ्ठी कुठल्या कोपऱ्यात डकवायची, हे मला झोपेतून उठवून विचारा. आत काय असतं ते मला इतरांइतकंच माहीत. हे सगळं मी त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी सांगितलं ते असं: "बावीस वर्षं झाली. आता नाकाला आपोआप कळतं."

बायको पाणी पिता पिता थांबली. पण भावासमोर ती काही बोलली नाही. हा तिचा मोठेपणा की पुढे मजा बघायची तयारी, हे मी अजून ठरवलेलं नाही.

आठवडाभराने मला पत्र आलं. मेहुणा गावातल्या लष्करी संग्रहालयाच्या समितीचा चिटणीस आहे. तिथे दीडशे वर्षांपूर्वीच्या शिपायांची बारा पिस्तुलं आहेत आणि ती ज्यात कमरेला लटकवत ती चामड्याची होल्स्टरं ओलीने कुजून गेली आहेत. समितीने जुन्या चित्रांवरून हुबेहूब नवी करून घ्यायचं ठरवलं होतं. तीन कारागिरांनी नमुने पाठवले होते. त्यांची नावं झाकून क, ख आणि ग अशी अक्षरं दिली होती, आणि त्यांतला सर्वोत्तम निवडण्यासाठी 'चर्मवस्तूंचे तज्ज्ञ परीक्षक' म्हणून माझी नेमणूक झाली होती. खाली शिक्का होता. शिक्का असलेल्या कागदाला नाही म्हणायची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

"चर्मवस्तूंचे तज्ज्ञ?" बायकोने पत्र दोनदा वाचलं. "अहो, स्वतःच्या चपला ओळखता येत नाहीत तुम्हाला. मागच्या महिन्यात दवाखान्यातून दुसऱ्याच्या घालून आलात!"

"त्यातली डावी माझीच होती," मी म्हणालो.

नमुने घरी आले. क पाहताक्षणी मी प्रेमात पडलो. गडद तपकिरी, आरशासारखा चकचकीत, टाके एका रेषेत, आणि वास तर असा की नव्या बुटांच्या दुकानात शिरल्यासारखं वाटावं. ख बरा होता. शाळेच्या दप्तरासारखा दिसायचा. ग मात्र मळखाऊ रंगाचा, जड, तेलकट वासाचा, आणि त्याचे टाके सगळे तिरपे. पावसात छत्र्या कलत्या धरून माणसं रांगेत उभी असावीत तसे.

खरं म्हणजे निर्णय दहा मिनिटांत झाला होता. पण दहा मिनिटांत निर्णय देणाऱ्याला कोणी तज्ज्ञ म्हणत नाही. म्हणून मी समितीकडून पंधरा दिवसांची मुदत घेतली, आणि त्या पंधरा दिवसांत शेजाऱ्यांनी माझ्या घराचा ताबा घेतला.

खालच्या मजल्यावरचे सुभेदार पहिले आले. त्यांना सगळे सुभेदार म्हणतात. सैन्यात त्यांनी जन्मभर टपालाची वाटणी केली, पण तो विषय त्यांच्यासमोर काढायचा नसतो. त्यांनी तिन्ही होल्स्टरं तळहातावर तोलून पाहिली आणि म्हणाले, "होल्स्टर म्हणजे शिपायाची दुसरी कातडी." हे इतकं भारदस्त वाटलं की मी वहीत उतरवून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे नेमकं काय बघायचं?" ते म्हणाले, "ते ज्याचं त्याला कळतं," आणि चहा पिऊन गेले.

वरच्या मजल्यावर विज्ञानाच्या बाई राहतात. त्यांचा ज्याचं त्याला कळण्यावर विश्वास नाही. त्या म्हणाल्या, "प्रयोग करा. अस्सल चामड्याचा कण जाळला की केस जळल्यासारखा वास येतो. नकली असेल तर प्लास्टिकचा येतो."

मी ब्लेडने प्रत्येक नमुन्याच्या आतल्या बाजूचा कण खरवडला, चिमट्यात धरला, मेणबत्तीवर नेला आणि वाकून हुंगला. क, केस जळल्याचा वास. ख, केस जळल्याचा वास. ग, तोच. तिन्ही अस्सल! मी निकाल समाधानाने वहीत मांडला. मग मुलगी खोलीत आली आणि म्हणाली, "बाबा, तुमची मिशी उजवीकडून अर्धी कुठे गेली?"

दुसरा प्रयोग पाण्याचा. चांगल्या चामड्याचा रंग पाण्यात सुटत नाही म्हणे. मी तिन्ही नमुन्यांची टोकं बादलीत बुडवून ठेवली. क आणि ग यांनी रंग सोडला नाही, ख ने मात्र दिलदारपणे सोडला. हा प्रयोग शास्त्रीयदृष्ट्या यशस्वी झाला. बादलीत माझे ऑफिसचे दोन पांढरे शर्ट भिजत होते, ही त्याची कौटुंबिक बाजू. सोमवारी मी जळक्या मातीच्या रंगाचा शर्ट आणि पाऊण मिशी घेऊन कामावर गेलो. साहेबांनी वर पाहिलं, खाली पाहिलं आणि "सगळं ठीक आहे ना घरी?" एवढंच विचारलं. त्यांच्या आवाजातली सहानुभूती मला दिवसभर टोचत राहिली.

आता राहिली मुख्य चाचणी. होल्स्टरमध्ये पिस्तूल नीट बसतं का? त्यासाठी पिस्तूल हवं. मी संग्रहालयाच्या व्यवस्थापकांना भेटलो. हा अतिशय सौम्य माणूस आहे आणि सौम्य माणसांइतकं अडवून धरणं कोणाला जमत नाही.

"पिस्तूल बाहेर नेता येणार नाही," ते म्हणाले.

"मग होल्स्टरं मी इथे आणतो."

"आणा की. पण नोंदवहीत चढल्याशिवाय कोणतीही वस्तू दालनात येऊ शकत नाही."

"मग चढवा नोंदवहीत."

"लगेच चढवतो. तज्ज्ञांनी मान्य केल्याचा कागद तेवढा हवा."

"तज्ज्ञ मीच आहे."

"मग प्रश्नच मिटला! द्या कागद."

"पण पिस्तूल घालून पाहिल्याशिवाय कागद कसा देऊ?"

"ते मात्र खरं," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे इतक्या आपुलकीने पाहिलं की मीच त्यांचं सांत्वन करून परत आलो. येताना त्यांनी पिस्तुलाची मापं दिली, तेवढी त्यांच्या अधिकारात होती.

ती मापं मी सुताराकडे नेली. सुतार आमचा जुना. आमच्या घराची एकही खिडकी त्याने नीट बसवलेली नाही. पण या कामात त्याचा जीव रमला. चार दिवसांनी त्याने फडक्यात गुंडाळलेलं लाकडी पिस्तूल माझ्या हातात ठेवलं आणि मी दचकलो. मूठ, घोडा, नळी, सगळं जिथल्या तिथे, आणि वर काळं पॉलिश. संग्रहालयातलं खरं पिस्तूल गंजून खेळण्यासारखं दिसतं. हे खेळणं खऱ्यापेक्षा खरं दिसत होतं.

"रंगाचं मी म्हटलं नव्हतं," मी म्हणालो.

"ती आपली हौस," सुतार म्हणाला.

लाकडी पिस्तूल क मध्ये अलगद गेलं. ग मध्ये ते ढकलावं लागलं आणि आत गेल्यावर घट्ट धरलं गेलं. हा मी ग चा दोष मानला. मग मी अहवाल लिहायला बसलो. आयुष्यात मी लिहिलेला सर्वांत मोठा मजकूर तोवर 'वरची बाजू वर ठेवा' हा होता. त्यामुळे लेखणी मोकळी सुटली. क बद्दल मी लिहिलं: 'सौंदर्य आणि शिस्त यांचा संगम.' ख बद्दल: 'स्वभावाने ढिला.' आणि ग बद्दल, देव मला क्षमा करो, मी असं लिहिलं: 'ओबडधोबड. टाके एकजात तिरपे. सदर कारागिराने पुढील काम हाती घेण्यापूर्वी स्वतःचे डोळे तपासून घ्यावेत.'

हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं. मी ते बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "कशाला हो कोणाला असं लिहायचं?" मी म्हणालो, "तज्ज्ञाला कठोर व्हावं लागतं." मेहुणा गुरुवारी अहवाल घेऊन गेला. नमुने न्यायला तो सोमवारी येणार होता.

शनिवारी सकाळी घरात कोणी नव्हतं. मी क कमरेच्या पट्ट्याला लावला, त्यात लाकडी पिस्तूल घातलं आणि आरशासमोर उभा राहिलो. यामागे शास्त्रीय हेतू कोणताही नव्हता. मी बावन्न वर्षांचा आहे, मला थोडं पोट आहे, आणि मी आरशातल्या माणसाला डोळे बारीक करून पाहत होतो. तेवढ्यात बायकोचा फोन आला. "अहो, बँक बाराला बंद होते. सही जुळत नाही म्हणून त्यांनी तुम्हाला बोलावलंय, विसरलात ना?" विसरलो होतो. मी शर्ट खाली ओढला आणि धावत सुटलो.

बँकेतलं पेन दोरीने बांधलेलं असतं आणि ती दोरी कायम चार बोटं तोकडी असते. मी सही करायला काउंटरवर ओणवा झालो. शर्ट वर गेला. मागे रांगेत उभ्या बाईंनी आधी एक बारीक आणि मग एक मोठी किंकाळी फोडली. काउंटरमागच्या माणसाने हात वर केले. त्याला पाहून, इथली ही पद्धत असेल असं समजून मीही केले. हात वर केल्याने शर्ट आणखी वर गेला.

दारावरचा रखवालदार आला. पांढऱ्या मिशा, ताठ पाठ, कमरेला स्वतःचं जुनं होल्स्टर. त्याने शांतपणे माझं पिस्तूल काढून घेतलं, तळहातावर तोललं, नखाने टिचकी मारली आणि म्हणाला, "शिसवी आहे का?"

"मला वाटतं सागवान," मी म्हणालो.

मॅनेजरांच्या खोलीत पोलीस येईपर्यंत मला बसवून ठेवलं. मी खिशातलं नेमणुकीचं पत्र दाखवलं. ते मी नेहमी खिशात ठेवत असे. चारचौघांत सहज बाहेर पडेल अशा बेताने. पोलिसांनी ते वाचलं, माझ्या पाऊण मिशीकडे पाहिलं आणि ओळख पटवायला सुभेदारांना फोन लावला. "ओळखतो का? ओळखतो की!" सुभेदारांचा आवाज खोलीभर ऐकू आला. "बंदूक? तो? अहो, त्याला डास मारता येत नाही!" त्यावर पोलिसांनी मला सोडून दिलं. निर्दोष सुटूनही इतकी मानखंडना झालेला माणूस विरळाच.

पण खरा घाव पुढे होता. रखवालदार इतका वेळ हातात क घेऊन बसला होता. तो मला म्हणाला, "साहेब, हे कोणी गळ्यात मारलं तुमच्या?"

"गळ्यात? ते सर्वोत्तम आहे. वास घेऊन बघा!"

"वास बाटलीतून फवारतात. अंगठा दाबा इथे. चामड्यावर अंगठा दाबला की बारीक सुरकुत्या पडतात, आपल्या कातडीवर पडतात तशा. पडल्या?" पडल्या नव्हत्या. मग त्याने झाकण दुमडलं. चकचकीत पापुद्रा भिंतीच्या रंगासारखा तडकला आणि आतून करडा भुगा दिसला. "चामड्याचा चुरा गोंदात कालवून थापलाय. हा पुठ्ठा आहे साहेब."

पुठ्ठा! बावीस वर्षं मी पुठ्ठ्यात काढली. जगातली एकच वस्तू मला ओळखता यायला हवी होती, ती मी कमरेला बांधून मिरवत होतो.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती म्हणून रखवालदार माझ्या विनंतीवरून बाकीचे दोन नमुने बघायला घरी आला. त्याने ख बाजूला सारला आणि ग हातात घेतला. अंगठ्याने कडा चाचपल्या, डोळे मिटून एका हाताने झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग लाकडी पिस्तूल आत ढकललं आणि होल्स्टर उलटं करून हलवलं. आतलं लाकडी पिस्तूल जागचं हललं नाही.

"शिपाई घोड्यावरून पडला तरी पिस्तूल पडायला नको," तो म्हणाला. "म्हणून चामडं ओलं असताना पिस्तुलावर बसवून वाळवतात. आणि हे टाके बघा. तिरपे आहेत ना?"

"आहेत," मी बारीक आवाजात म्हणालो.

"एकाच भोकातून दोन सुया समोरासमोरून जातात, म्हणून टाका तिरपा बसतो. मशीनचा टाका सरळ दिसतो, पण एक तुटला की अख्खी ओळ उसवते. यातला एक कापला तरी बाकीचे तसेच राहतील. वीस वर्षं होल्स्टर कमरेला बाळगतोय मी, पण असं काम माझ्याही नशिबात नाही. कोण आहे हा कारागीर?"

मला अहवालातलं शेवटचं वाक्य आठवलं.

मेहुण्याला फोन केला. तो खुशीत होता. "अहवाल समितीला फार आवडला, भाऊजी! कालच तिन्ही कारागिरांना तुमचे शेरे कळवले. शब्दशः!" मी त्याच्याकडून ग चा पत्ता काढला आणि सोमवारी रजा टाकून गेलो.

गावाच्या टोकाला एक लांबट खोली होती. भिंतीवर लाकडी साच्यांवर खोगिरं चढवलेली. आत साठीच्या एक बाई बसल्या होत्या, खोगीरवाल्या बाई म्हणून सगळे त्यांना ओळखतात असं मागून कळलं. त्यांच्यापुढे अर्धवट शिवलेलं खोगीर होतं, पण हातात सुई नव्हती. मी कोण ते सांगितलं नाही. समितीकडून आलोय एवढंच बोललो.

"नमुना परत द्यायला आलात का?" त्यांनी विचारलं. "तिथे ठेवा." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी गेले होते हो डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. पत्र आलं त्याच संध्याकाळी. ते म्हणाले, डोळे तरुण माणसासारखे आहेत. मग म्हटलं, डोळे ठीक असतील तर हातच गेले असणार. स्वतःला कळत नाही ना ते. हे खोगीर घोड्यांच्या शाळेचं आहे. त्यांना निरोप पाठवलाय, दुसरीकडून करून घ्या म्हणून."

मी काहीतरी पुटपुटलो आणि बाहेर आलो. रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं की नमुना ग मी छातीशी धरून उभा आहे. मेहुण्याच्या बॅगेला नाक लावल्यापासून मी बऱ्याच फजित्या पचवल्या होत्या. ही पचेना.

त्याच दुपारी मी समितीच्या अध्यक्षांना भेटलो आणि अहवाल मागे घेतो म्हणालो. अध्यक्ष नियमाचे पक्के आहेत. त्यांनी नियमावली काढली, चष्मा लावला आणि वाचून दाखवलं: तज्ज्ञाचा अहवाल अंतिम राहील.

"पण तो चुकीचा आहे!"

"अहवाल चूक की बरोबर हे तज्ज्ञ ठरवतो. तुमच्या अहवालानुसार तुमचा अहवाल बरोबर आहे."

"यातून काही वाट?"

अध्यक्षांनी चार पानं उलटली. "एक आहे. नेमलेली व्यक्ती मुळात तज्ज्ञ नव्हतीच, असं सिद्ध झालं तर अहवाल आपोआप रद्द होतो. मात्र पुरावा लेखी हवा. तुमच्या नुसत्या बोलण्यावर कसं धरायचं? विनयाने म्हणत असाल."

अशा रीतीने माझ्या अज्ञानाचे दाखले गोळा करण्याची मोहीम सुरू झाली. मला वाटलं होतं लोक कचरतील. "छे, छे, असं कसं लिहून देऊ?" असं निदान एकदा तरी म्हणतील.

पहिली सही बायकोने केली. तिने कागद वाचायच्या आधी केली. सुभेदार म्हणाले, "जागा कमी आहे, मागच्या बाजूला लिहू का?" विज्ञानाच्या बाईंनी मिशीच्या प्रयोगाचा तारखेनिशी वृत्तान्त जोडला, आकृतीसह. माझ्या मुलीने विचारलं, "फक्त चामड्याबद्दलच ना बाबा, की सर्वसाधारण?" सगळ्यांत भक्कम दाखला साहेबांचा. कारखान्याच्या छापील कागदावर त्यांनी लिहिलं: 'सदर गृहस्थांचा गेल्या बावीस वर्षांत चामड्याशी कोणताही संबंध आलेला नाही, याची मी खात्री देतो.' मी आभार मानून वळलो, तर त्यांनी हाक मारून कागद परत घेतला आणि 'चामड्याशी' च्या पुढे 'वा अन्य कशाशी' हे शब्द घातले.

मेहुण्याला मात्र हे सांगणं जड गेलं. माझी शिफारस त्यानेच केली होती. तो आला, पुठ्ठ्याचा तडकलेला क हातात घेऊन बसला, आणि म्हणाला, "भाऊजी, समितीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही मला."

"तू त्या बाईंना एकदा भेटून ये," मी म्हणालो. "मग आपण दोघं मिळून तोंड लपवू."

तो भेटून आला. दाखल्यांच्या गठ्ठ्यात सगळ्यांत वर त्याचा कागद होता: 'यांची शिफारस मी केली होती. मला यांच्याबद्दल काहीही माहीत नव्हतं.'

समितीची बैठक झाली. मी उभा राहून एकोणीस दाखले वाचून दाखवले. मध्ये मध्ये सदस्य माना डोलवत होते. विज्ञानाच्या बाईंच्या आकृतीला टाळी पडली. प्रस्ताव मतदानाला टाकला. या समितीत पाण्याचा माठ कुठे ठेवावा यावर तीन बैठका झाल्या होत्या असं मेहुणा सांगतो. पण मी तज्ज्ञ नाही, हा प्रस्ताव एकमताने आणि चर्चेविना मंजूर झाला. मग बँकेच्या रखवालदाराला रीतसर बोलावलं. त्याने तिन्ही नमुने टेबलावर ठेवले, तिन्हींतला एकेक टाका सर्वांसमक्ष कापला आणि शिलाई ओढून दाखवली. क आणि ख उसवत गेले. ग तसाच राहिला. बारा होल्स्टरांचं काम खोगीरवाल्या बाईंना गेलं.

ते पत्र घेऊन कोणी जायचं यावर मात्र चर्चा झाली नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी गेलो तेव्हा बाई सुईत दोरा ओवत होत्या. पत्र वाचून त्यांनी ते घडी करून मांडीखाली ठेवलं. माझा धीर होईना. पण सांगायचं तर आताच, म्हणून मी घसा साफ केला. "बाई, ते डोळ्यांचं वाक्य..."

"तुमचंच. माहितीये मला," त्या म्हणाल्या. "तुमचे मेहुणे सांगून गेले. आणि आपण बिनडोक असल्याचे दाखले गोळा करत एक गृहस्थ गावभर हिंडताहेत, हे तर घोड्यांच्या शाळेत पण कळलंय. घोडे सोडून सगळे हसत होते."

मी खाली पाहिलं.

"चाळीस वर्षं हे काम करतेय," बाई म्हणाल्या. "कौतुक केलं लोकांनी, नावं पण ठेवली. पण माझ्या टाक्यासाठी कोणी स्वतःची एवढी बेअब्रू करून घेतली नव्हती."

यावर काय बोलावं ते मला सुचेना. सुचेनासं झालं की मी जवळच्या वस्तूकडे पाहून जाणकारासारखी मान हलवतो. ही सवय जुनी आहे. समोर भिंतीवर हत्यारं टांगलेली होती, त्यांतल्या एका वाकड्या, लाकडी मुठीच्या हत्याराकडे पाहून मी "हं..." असं सुरू केलंच होतं. मग थांबलो.

"हे काय असतं हो?" मी विचारलं.

बाईंनी मला पहिल्यांदा नीट निरखून पाहिलं आणि पायाने एक तिवई माझ्याकडे सरकवली.

"बसा," त्या म्हणाल्या. "वेळ आहे ना?"